वटपौर्णिमेची ओहोटी

६ जून १९४४ ला पंचांगात ज्येष्ठ शुद्ध पौर्णिमा होती. इकडे वडाला दोरे गुंडाळण्याचा दिवस, आणि तिकडे दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर, नॉर्मंडीत, त्याच दिवसात अमेरिका-ब्रिटन वगैरे दोस्त राष्ट्रांचे दीड लाखाहून जास्त सैनिक उतरले. त्यांतले तेवीस-चोवीस हजार आकाशातून, बाकी सगळे समुद्रातून. जवळजवळ सात हजार लहानमोठी जहाजं आणि होड्या त्या एका कामाला जुंपलेल्या होत्या. वटपौर्णिमेचा योग कुणी साधला नव्हता हे उघड आहे, पण पौर्णिमा मात्र मुद्दाम साधलेली होती. युद्धाच्या इतिहासात इतका काटेकोर काढलेला मुहूर्त क्वचितच सापडेल.

मुंबईच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची एक जुनी युक्ती आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीन वाजता भरती, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. घड्याळ घालून बसलं तर थोडं पुढेमागे होतं, पण होडी ढकलायला तेवढं पुरतं. या हिशेबाच्या पोटात एक गोष्ट दडलेली आहे. एकाच बंदरात एकाच तिथीला भरती नेहमी एकाच वेळी येते. उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास येतं, म्हणजे उधाणाच्या भरतीची वेळही त्या बंदरापुरती ठरलेलीच. मुंबईत ती दुपारी आणि मध्यरात्री येते, म्हणून समुद्र सगळ्यात मागे सरतो तो सकाळ-संध्याकाळी. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे सगळ्यात लहान भरतीच्या दिवसांत, हे गणित उलटतं आणि पाण्याची चढ-उतारही मंदावते.

प्रत्येक बंदराचं हे कोष्टक वेगळं. पण नॉर्मंडीच्या ओमाहा नावाच्या पुळणीवर त्या पौर्णिमेला ओहोटीचा तळ पहाटे साडेपाचच्या आसपास होता आणि भरती अकराच्या सुमारास. पाऊणपटीने अगदी जुळतं! तिथली घड्याळं तेव्हा ग्रीनिचच्या दोन तास पुढे लावलेली होती, त्यामुळे हा मेळ निव्वळ कर्मधर्मसंयोगाचा. तरी कोकणातल्या माणसाला ती सकाळ समजून घ्यायला याहून सोपी वाट नाही.

मागण्या काय होत्या ते पाहू. छत्रीधारी सैनिकांना आणि ग्लायडरांना, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानांना, रात्री जमीन दिसायला चांदणं हवं. आरमाराला अंधारात इंग्लिश खाडी ओलांडून यायचं, पण तोफांचा नेम धरायला उतरण्याआधी थोडा उजेड हवा. आणि पहिली होडी वाळूला लागेल तेव्हा ओहोटी संपून पाणी नुकतं चढू लागलेलं असावं. हे सगळं जूनच्या पूर्वार्धात ५, ६ आणि ७ या तीनच दिवशी जुळत होतं. पुढचा पर्याय १८ ते २० जूनचा. तेव्हा अमावास्येचं उधाण असल्यामुळे ओहोटी पुन्हा पहाटेच, पण चांदण्याचा पत्ता नाही.

ओहोटीच का, हा प्रश्न खरा महत्त्वाचा. साधा विचार केला तर भरतीला उतरणं शहाणपणाचं वाटतं. उघड्या वाळूवरून धावायचं अंतर कमी होतं. जर्मन सेनापती रोमेलनेही हेच गृहीत धरलं होतं. त्याने मध्यभरती आणि पूर्णभरतीच्या रेषांमधल्या पट्ट्यात अडथळे पेरले: समुद्राकडे कललेले लाकडी खांब आणि त्यांच्या टोकाला सुरुंग, लोखंडी तुळया फुलीसारख्या जोडून केलेले काटेरी सांगाडे, पोलादी फाटकं. भरतीला हे सगळं पाण्याखाली जाणार, होडीच्या तांडेलाला काही दिसणार नाही, आणि होडीचा तळ तरी फाटेल किंवा सुरुंग तरी फुटेल.

म्हणून दोस्त सैन्याने उलटा बेत केला. ओहोटीनंतर साधारण तासाभराने उतरायचं. अडथळे उघडे असतील, सुरुंग लावून ते उडवता येतील, आणि रिकाम्या झालेल्या होड्या चढत्या पाण्यावर तरंगून परत जातील. ओहोटी लागलेली असताना उतरलं तर होडी पाच मिनिटांत वाळूवर बसते आणि पुढचे काही तास हलत नाही. मागून येणारी रांग तिच्यावर आदळते. चढत्या पाण्याचा हा फायदा मोठा, पण त्याचा घड्याळाशी करार असतो. तिथे उधाणाला पाणी सहा मीटरच्या घरात चढतं, ऐन जोरात असताना दर दहा मिनिटांना जवळजवळ फूटभर. म्हणजे अडथळे उडवणाऱ्या तुकडीला अर्धा तास, फार तर पाऊण तास. ओमाहावर अशा सोळा वाटा मोकळ्या करायच्या होत्या. पहिल्या भरतीआधी पाच-सहाच झाल्या, आणि त्या तुकड्यांतले दहातले चार जण मारले गेले किंवा जखमी झाले. जे आडोसा म्हणून अडथळ्यांमागे दडले होते ते साथीदार हटल्याशिवाय सुरुंग उडवता येत नव्हते, आणि पाणी तर चढतच होतं.

आणखी एक बारकावा. भरतीची लाट तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते. पाच पुळणी, युटापासून सोर्डपर्यंत, ऐंशी किलोमीटरच्या पट्ट्यात पसरलेल्या. म्हणून सगळीकडे एकच वेळ धरता आली नाही. युटा आणि ओमाहावर साडेसहा, गोल्ड आणि सोर्डवर सात पंचवीस, आणि जूनोवर त्याहून थोडं उशिरा, कारण तिथल्या बुडलेल्या खडकांवरून होड्या जायला जास्त पाणी हवं होतं. पश्चिमेकडे गोळीबार सुरू झाल्यावर पूर्वेकडचे जर्मन जागे होणार हे कळत असूनही हा फरक ठेवावा लागला.

ही कोष्टकं काढली लिव्हरपूलजवळच्या बिड्स्टन वेधशाळेत आर्थर डूडसनने. ब्रिटिश नौदलाच्या जलमापन खात्यातून त्याच्याकडे आकडे आले ते ‘ठिकाण झेड’ अशा टोपणनावाने. जागा कुठली ते सांगितलेलं नव्हतं. हिशेब करायचं ते यंत्र. चंद्राचं खेचणं, सूर्याचं खेचणं, चंद्राचं जवळ-लांब होणं, उथळ पाण्यामुळे लाटेचा बिघडणारा आकार, या प्रत्येकासाठी एकेक पितळी चाक आणि कप्पी. सगळ्या कप्प्यांवरून एकच तार ओवलेली. हँडल फिरवलं की प्रत्येक चाक आपापल्या गतीने तारेला ओढतं, सोडतं, आणि तारेच्या टोकाची लेखणी कागदावर भरतीची रेषा काढते. बेरीज करणारं हे यंत्र म्हणजे ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिनची कल्पना. तिला एक हिंदुस्थानी धागाही आहे: इथल्या बंदरांच्या भरत्या वर्तवण्यासाठी हिंदुस्थान सरकारने १८७९ मध्ये लंडनच्या लेजे कंपनीकडून असं यंत्र बनवून घेतलं होतं. त्याची आखणी करणाऱ्या एडवर्ड रॉबर्ट्सनेच पुढे आणखी मोठं यंत्र केलं, आणि ते डूडसनकडे होतं.

पाण्याचं गणित सुटलं तरी वाळूचं बाकी होतं. दोन वर्षांआधी, १९ ऑगस्ट १९४२ ला, फ्रान्सच्याच दिएप बंदरावर दोस्तांच्या सुमारे सहा हजार सैनिकांची चढाई झाली होती, त्यांत बहुतेक कॅनडाचे. तिथली पुळण म्हणजे गारगोट्यांचे ढीग. रणगाड्याच्या पट्ट्याखाली गोटे घसरत, मग पट्टा आणि दातेरी चाक यांच्यामध्ये अडकत, आणि पट्टा निखळून पडे. चाळीसेक टनांचं धूड जागच्या जागी तोफेचं लक्ष्य व्हायचं. कॅनडाच्या पाच हजारांतले नऊशेवर मेले आणि एकोणीसशेहून अधिक कैद झाले.

नॉर्मंडीतल्या पुळणी मुख्यतः वाळूच्या होत्या, पण तिथे वेगळी शंका होती. वाळूच्या खाली जुन्या दलदलीचे थर असावेत, कुजलेल्या वनस्पतींची काळी, मऊ माती आणि चिकणमाती. वरून पुळण कडक दिसणार आणि चाक फिरलं की खाली बसणार. कोकणात खाजणाच्या कडेला बैलगाडी घातलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. जे. डी. बर्नाल या शास्त्रज्ञाने हा मुद्दा लावून धरला. मग ३१ डिसेंबर १९४३ च्या रात्री मेजर स्कॉट-बाउडन आणि सार्जंट ऑग्डेन-स्मिथ हे दोघे पोहत किनाऱ्यावर गेले. अंगावर रबरी पोशाख, कमरेला गिरमीट, पट्ट्याला नळकांड्या. जर्मन पहारेकऱ्यांच्या टप्प्यात पोटावर सरपटत ठरलेल्या अंतराअंतरावर गिरमीट वाळूत फिरवायचं, खालची माती नळकांड्यात भरायची, कुठली कुठून घेतली ती खूण राखायची, आणि परत समुद्रात शिरायचं. डिसेंबरच्या पाण्यात. जानेवारीत ते छोट्या पाणबुडीतून ओमाहासमोर पुन्हा गेले.

या मातीतून निघालं ते ‘बॉबिन’ नावाचं विचित्र वाहन. रणगाड्याच्या पुढे मोठं रीळ, त्यावर लोखंडी कांड्या शिवलेलं सुमारे तीन मीटर रुंद जाड कापड. रणगाडा पुढे सरकेल तसं रीळ उलगडतं, आणि तो स्वतःच्याच सतरंजीवरून चालत जातो. मागचे ट्रक त्याच सतरंजीवरून.

हवामानाची हकिकत बरीच सांगितली जाते, म्हणून थोडक्यात. मूळ तारीख ५ जून होती. आयर्लंडच्या पश्चिम टोकाला ब्लॅकसॉडच्या पोस्टात घेतलेल्या वायुभारमापकाच्या नोंदीत दाब झपाट्याने उतरताना दिसला; फोन करून नोंद पुन्हा तपासून घेतली गेली. हवामानप्रमुख स्टॅगने दोस्त सैन्याचा सरसेनापती आयझेनहॉवर याला थांबायला सांगितलं, आणि मग ६ तारखेच्या आसपास थोडी उघडीप मिळेल असंही सांगितलं. आयझेनहॉवरने तेवढ्यावर होकार दिला. उघडीप म्हणजे समुद्र शांत नव्हे. वारा होता, आणि लाटा पाच-सहा फुटांच्या.

त्या लाटांनी काय केलं हे पाहायचं तर तरंगत्या रणगाड्यांकडे पाहावं. तीस टनांहून जड शर्मन रणगाडा, त्याच्याभोवती कॅनव्हासची भिंत, ती उभी राहावी म्हणून हवा भरलेले छत्तीस रबरी खांब, मागे दोन पंखे. कॅनव्हास वर केला की रणगाडा होडीसारखा तरंगतो, पण पाण्याच्या वर भिंत उरते ती तीनेक फूट. फूटभर लाटेसाठी बेतलेली वस्तू. ओमाहाच्या पूर्व भागात अशा २९ रणगाड्यांना किनाऱ्यापासून पाचेक किलोमीटरवर पाण्यात सोडलं. प्रवाह बाजूने लोटत होता, म्हणून नाक किनाऱ्यावरच्या खुणेकडे वळवावं लागे. नाक वळलं की लाट कुशीवर येई, कॅनव्हास आत दबे, एकदा पाणी शिरलं की संपलं. २७ बुडाले. शेजारच्या तुकडीच्या अधिकाऱ्यांनी समुद्र पाहून रणगाडे पाण्यात सोडलेच नाहीत, होड्या थेट वाळूला नेऊन लावल्या. यंत्र तेच, पाणीही तेच. समुद्र ओळखणाऱ्या माणसाला ऐन वेळी ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार असावा, एवढाच फरक.

माणसं आणणाऱ्या होड्याही सोप्या नव्हत्या. अमेरिकन हिगिन्स होडी अकरा मीटर लांब, प्लायवूडची, पुढे खाली पडणारी पोलादी फळी, आत ३६ माणसं. पुढून दोन फूट पाण्यातही ती चालते. पण अशा सपाट पुळणीवर किनाऱ्याला समांतर वाळूचे दांडे असतात आणि दांड्यामागे चर. होडी दांड्याला अडकते, तांडेलाला वाटतं किनारा लागला, फळी पडते. पहिला माणूस गुडघाभर पाण्यात उतरतो आणि चार पावलांनी गळ्याइतक्या पाण्यात जातो, पाठीवर पंचवीस-तीस किलोचं ओझं घेऊन. ओमाहावर गोळीशिवायही माणसं मेली ती अशी. दुसरा धोका लाटेचा: होडी वाळूला लागल्यावर यंत्र पुढच्या दिशेने चालू ठेवलं नाही तर मागची लाट शेपूट फिरवते, होडी आडवी पडते आणि भरते.

युटावर मात्र प्रवाहाने उपकार केले. धुराने खुणा झाकलेल्या, वाट दाखवणारी एक होडी सुरुंगावर गेलेली. सगळी रांग वाहत ठरल्या जागेपासून जवळजवळ दोन किलोमीटर दक्षिणेला लागली, आणि तिथे जर्मन बंदोबस्त कमी होता. अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षांचे चिरंजीव, जनरल थिओडोर रूझवेल्ट धाकटे, तिथे हजर होते. त्यांनी ठरवलं की आता इथूनच पुढे जायचं. युटावरची हानी दोनशेच्या आसपास, ओमाहावरची दोन हजारांच्या वर.

पण पहिला दिवस पार पडणं ही अर्धीच गोष्ट, आणि इतिहासाच्या दृष्टीने बहुधा धाकटी. लढणाऱ्या एका डिव्हिजनला रोज सहा-सातशे टन माल लागतो. कोकणात आगबोटी होत्या तेव्हा ज्या गावाला धक्का नाही तिथे बोट लांब उभी राहायची आणि माणसं, पेट्या, आंब्याच्या करंड्या पडावातून यायच्या. वारा उठला की पडाव बंद. पडावांवर सैन्य पोसता येत नाही, बंदर हवं. आणि बंदर सरळ चढाई करून घेता येत नाही हे दिएपने शिकवलेलं होतं. राहिला एकच उपाय: बंदर सोबत न्यायचं.

चर्चिलची ३० मे १९४२ ची चिठ्ठी प्रसिद्ध आहे. धक्के भरती-ओहोटीबरोबर वर-खाली झाले पाहिजेत, नांगरांचा प्रश्न सोडवा, वाद घालू नका, अडचणी स्वतःच वाद घालतील. त्यातून उभं राहिलं ते ‘मलबेरी’. साठेक जुनी जहाजं ओळीने बुडवून पहिला बांध. मग काँक्रीटच्या पोकळ पेट्या, सगळ्यात मोठी साठ मीटर लांब, अठरा मीटर उंच, सहा हजार टनांची. त्या टगबोटींनी संथपणे ओढत खाडीपार न्यायच्या, जागेवर आल्या की झडपा उघडून पाणी आत घ्यायचं आणि तळाला बसवायच्या. आतल्या शांत पाण्यात चार पायांचे धक्के: पाय समुद्रतळावर रोवलेले, मधलं तक्तपोस पाण्याबरोबर चढतं-उतरतं. तिथून किनाऱ्यापर्यंत तराफ्यांवर टेकलेला लोखंडी रस्ता, लाटेने पिळला तरी न मोडणारा.

अशी दोन बंदरं बांधली, एक ओमाहाला अमेरिकनांसाठी, एक आरोमांशला ब्रिटिशांसाठी. १९ जूनला ईशान्येचा वारा सुटला तो २२ पर्यंत थांबला नाही. बाहेर नांगरलेले पोलादी तरंगते बांध सुटले आणि स्वतःच मुसळासारखे आत आदळू लागले. शेकडो होड्या किनाऱ्यावर फेकल्या गेल्या. ओमाहाचं बंदर मोडलं, ते पुन्हा उभं केलं नाही. आरोमांशचं, समोरच्या खडकांचा थोडा आडोसा असल्यामुळे, वाचलं. आयझेनहॉवरने ६ तारीख सोडून पुढची संधी घेतली असती तर सगळं आरमार नेमकं या वादळात सापडलं असतं.

यानंतरची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. धक्का गेल्यावर ओमाहावर काय केलं? रणगाडे वाहणारी शंभर मीटर लांबीची जहाजं भरतीला सरळ वाळूवर चढवली आणि ओहोटीला कोरडी पडू दिली. नौदलाला आधी भीती होती की उंचसखल वाळूवर जहाजाची पाठ मोडेल. मोडली नाही. नाकाडाची दारं उघडून ट्रक कोरड्या, ओल धरलेल्या घट्ट वाळूवरून निघून जात, आणि पुढच्या भरतीला जहाज उठून परत. गलबत ओहोटीला खाडीत बसवून त्याचा तळ साफ करणाऱ्या माणसाला यात नवल वाटलं नसतं. मोडक्या बंदराशिवाय ओमाहाने बंदरासाठी आखलेल्यापेक्षा जास्त माल उतरवला. मग मलबेरीचा सगळा खटाटोप फुकट होता का? तसं म्हणवत नाही. खिशात बंदर आहे हा भरवसा नसता तर इतक्या उघड्या किनाऱ्यावर उतरायचं धाडसच कुणी केलं नसतं.

नॉर्मंडीचं शेरबूर बंदर जूनच्या अखेरीस हाती आलं ते पार उद्ध्वस्त होऊन. ते नीट चालू व्हायला आठवडे गेले. बेल्जियममधलं अँटवर्प बंदर ४ सप्टेंबरला जवळजवळ अखंड मिळालं, पण समुद्राकडून तिथे जाणाऱ्या खाडीचे काठ शत्रूकडे राहिल्यामुळे पहिलं जहाज लागायला नोव्हेंबर संपत आला. तरी जुलैच्या पहिल्या आठवड्यात दहा लाखावा सैनिक फ्रान्समध्ये उतरला होता. आता तौलनिक बोलायचं तर जर्मन सैन्याचा कणा पूर्वेला मोडला. २२ जूनला सुरू झालेल्या सोव्हिएत चढाईचा पसारा नॉर्मंडीहून मोठा होता. नॉर्मंडीने युद्ध लवकर संपवलं आणि संपताना कोणतं सैन्य कुठे उभं असेल ते ठरवलं. पश्चिम युरोपचा पुढच्या पंचेचाळीस वर्षांचा नकाशा त्या पुळणींवरून निघतो.

मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान तेव्हा इटलीत लढत होते. नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो १० जुलै १९४४ च्या पराक्रमासाठी. नॉर्मंडीचा परिणाम आपल्या बाजूच्या समुद्रावर मात्र झाला, तो होड्यांच्या तुटवड्यातून. अंदमानवर समुद्रातून उतरायचा बेत डिसेंबर १९४३ मध्ये रद्द झाला, कारण रणगाडावाहू जहाजं युरोपला हवी होती. दक्षिण फ्रान्सची चढाईही त्याच कारणाने ऑगस्टपर्यंत लांबली.

इकडची मोठी चढाई अखेर मलायावर झाली. मुंबई आणि पूर्व किनाऱ्यावरच्या बंदरांतून काफिले निघाले, आणि ९ सप्टेंबर १९४५ ला हिंदी डिव्हिजनचे सैनिक मोरिबच्या पुळणीवर उतरले. जपान शरण येऊन गेलेला. किनाऱ्यावरून एकही गोळी सुटली नाही. फळ्या पडल्या, ट्रक खाली आले, वाळूचा वरचा पापुद्रा फुटला आणि चाकं खालच्या चिखलात आसापर्यंत रुतली. त्यांना बाहेर काढायला ट्रॅक्टर आले, तेही रुतले. मग भरती लागली.